शेलार सरांच्या मागून

बँड शिकवणारे शेलार सर निवृत्त झाले त्याच वर्षी शाळेने बँड बंद केला. पंधरा ऑगस्टला स्पीकरवर गाणं लावलं तरी संचलन होतंच, असं संस्थेचं म्हणणं पडलं. ढोल, बिगूल भंगारात गेले. सरांनी शाळेवरून जाणंच सोडलं.

काल सर वारले. त्यांची विद्यार्थिनी मीनल सासरहून मिळेल त्या एसटीने आली. "मुलीला पेलायचा नाही," असं सगळे म्हणत असताना सरांनी मोठा ढोल तिच्याच गळ्यात अडकवला होता.

सरांच्या दारात बँडमधली मुलं जमली होती, आता केस पिकलेली.

"वाजवायला काहीतरी हवं होतं," ती म्हणाली.

"आणणार कुठून?" बिगूल वाजवणारा जावेद म्हणाला.

तिरडी उचलली. बँडमधले सगळे मान खाली घालून मागून निघाले. कुणी बोलत नव्हतं, म्हणून मीनलला चपलांचा आवाज ऐकू आला. तिने खाली पाहिलं. पुढच्यांचे, मागच्यांचे, सगळ्यांचे पाय एकदम उठत होते, एकदम पडत होते.

जावेदच्याही ते लक्षात आलं. "आपल्याला कुणी सांगितलं असं चालायला?" त्याने हळूच विचारलं.

मीनलने फक्त पाऊल चुकू दिलं नाही.