टोपीतलं तेल

"टोपी धुतलीत?" कारखान्याच्या डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"धुतली म्हणजे, पायांनी तुडवून काढली," ती म्हणाली. "हे काम सोडून आले त्याच संध्याकाळी. परवा."

तिला हसू येत होतं. सुरुंगाच्या कांड्या भरणाऱ्या त्या कारखान्याच्या नावानं तिनं जन्मभर बोटं मोडली होती. नवरा रोज जीव मुठीत धरून जायचा, आणि तो दारात दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. शेवटी तिनं अन्नपाणी सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे स्वारी मुदतीआधी निवृत्त झाली. उरली होती ती कळकट टोपी. कांड्यांतल्या तेलानं नव्या कामगाराचं डोकं ठणकायचं. हळूहळू सवय व्हायची, पण एका सुट्टीत मोडायची. म्हणून सगळेच सुट्टीच्या दिवशी टोपीला आतून थोडं तेल चोपडून ती घरात घालून बसायचे. तिचा नवरा तर जेवतानाही काढायचा नाही.

"सुट्टीत त्यांच्या छातीत दुखायचं?"

"टोपी नसली तर. सुट्टी सोसतच नाही हो यांना. आजही सकाळपासून जड वाटतंय म्हणाले. म्हटलं, गॅस झाला असेल, पडा जरा."

डॉक्टर हसले नाहीत.

"वहिनी, ते तेल अंगात मुरलं की त्यातून एक वायू सुटतो. अगदी कणभर. तो रक्तवाहिन्या सैल ठेवतो. तरुणपणी शरीर तो स्वतःच बनवतं, वय झालं की कमी पडतो. यांना तो इतकी वर्षं कारखान्यातून मिळत होता. एकदम तुटला की दोन-तीन दिवसांत वाहिन्या आवळतात. मी रजेवर नसतो, तर यांना असं सोडूच दिलं नसतं." त्यांनी खिशातून गोळ्यांची बाटली काढली. "उठवा त्यांना. आधी उठवा."

ती उठली. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मघापर्यंत तिथून घोरणं ऐकू येत होतं. ते कधी थांबलं, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिनं दार ढकललं. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"अहो," ती म्हणाली. "अहो, उठा ना. कामावर जायचंय."