गोगलगाय हलेना

तिसऱ्यांदाही व्यवहार फसला.

लॅपटॉपवर लाल पट्टी उमटली तशी सॉफ्टवेअरवाल्याने मान हलवली. आज नेटवर्कवर फार गर्दी आहे म्हणाला, आणि उगाचच एक वायर काढून पुन्हा लावली.

टेबलाच्या एका टोकाला ती बसली होती, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंतचा नवरा. चित्रं तिची, संगीत त्याचं, अशी दहा मिनिटांची एक कार्टून फिल्म दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केली होती. गोष्ट एका हट्टी गोगलगाईची. फिल्मची मालकी ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या कायमच्या नोंदवहीत होती, दोघांच्या सामायिक कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे डिजिटल खात्यात. घर, भांडी, पुस्तकं, सगळं मार्गी लागलं. नऊ वर्षांचा संसार वकिलाने तीन बैठकांत निकालात काढला, पण ही गोगलगाय काही जागची हलेना. आता एका कंपनीला ती हवी होती. पाचच्या आत त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पोचली तर ठीक, नाहीतर ते नाद सोडणार होते.

काम म्हटलं तर सोपं. दोघांनी आपापल्या मोबाइलवर दहा मिनिटांच्या आत 'मंजूर' दाबायचं, म्हणजे सही झाली. दोन्ही सह्या पोचल्या की फिल्म इकडून तिकडे. एक जरी चुकली तर सगळं रद्द, फिल्म होती तिथेच. आणि एकदा गेली की गेली, परत आणायची सोय नाही.

गर्दीतून लवकर पुढे सरकावं म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने नेटवर्कची फी थोडी वाढवून चौथ्यांदा सुरू केलं.

नवऱ्याने मोबाइलवर अंगठा टेकवला. "माझं झालं."

"माझंही," ती म्हणाली.

तिचं झालं नव्हतं. चारही वेळा तिने बटणाशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं होतं. हा शुद्ध पोरखेळ आहे हे तिलाही कळत होतं. पण घटस्फोटाच्या कागदांवर त्याने मान वर न करता सही केली, म्हणून तिनेही केली होती. आधी कुणी बोलायचं, यातच त्यांची शेवटची दोन वर्षं गेली होती. आता ही फिल्म गेली की त्याला फोन करायला तिच्याकडे काही निमित्तच उरणार नव्हतं. ते तिला सोसवत नव्हतं आणि सांगवतही नव्हतं.

दहा मिनिटांनी पुन्हा लाल पट्टी आली. पाचला वीस कमी होती.

"राहू द्यायचं का मग?" नवऱ्याने सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं.

त्याचा आवाज थकलेला होता. कंटाळला बिचारा, तिला वाटलं. हा चार वेळा निमूटपणे सही करतोय आणि आपण त्याला टांगून ठेवलंय. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नको. शेवटचं एकदा करू," ती म्हणाली.

या वेळी तिने बोट बरोबर बटणावर ठेवलं. आणि दाबलं.

"झालं माझं," तो म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

थांबून थांबून सॉफ्टवेअरवाला वैतागला होता. एकदा आतला तपशीलच बघतो म्हणत त्याने दुसरं पान उघडलं, चष्मा वर सरकवून वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुमची सही पोचली. मगाशी चारही वेळा दोघांपैकी एकाचीही आली नव्हती. आता फक्त सरांची राहिलीय. सहा मिनिटं आहेत अजून."

तिने दचकून वर पाहिलं. नवरा तिच्याकडेच बघत होता. मग ती काही बोलायच्या आत त्याने मान खाली घातली आणि 'मंजूर' दाबलं.