नऊ चित्रांतली नदी

तलाठी कामिनी मॅडमनी भिंतीवर बोट फिरवलं. बोटाला पांढरा चुना लागला.

“पुराची रेघ कुठे आहे?”

“पोताई केली जी,” बेबीबाई म्हणाल्या. “चिखलाचं घर तसंच कोन ठेवन?”

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. ऑगस्टमध्ये वैनगंगा घरात शिरली तेव्हा नवरा-बायको कुलूप लावून तुमसरला लेकीकडे गेली. मागे पंचनामा झाला, तो कुलूप पाहून पुढे सरकला. आता घरात पाणी आल्याचा पुरावा दिला तरच पुनर्वसनाच्या यादीत नाव चढणार होतं, आणि नाव चढलं तरच उंचावरचा प्लॉट. पुढचा पूर हे घर सोसणार नव्हतं. यादीचा आज शेवटचा दिवस होता.

“मी भिंती पोतत होती,” बेबीबाईंनी नवऱ्याकडे हात केला, “तर हे महिनाभर चित्रं घेऊन बसले होते.”

टेकचंद मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. भिंतीवर त्यांची नऊ चित्रं एका ओळीत, वर्षानुवर्षं त्याच खिळ्यांना टांगलेली. प्रत्येक चित्रात पलीकडच्या काठावरचं भंडारा: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, टॉवर, खाली नदी. जवळून नुसते रंगाचे फटकारे. मॅडम दारापर्यंत मागे गेल्या तेव्हा शहर उभं राहिलं. त्यांना ते मनापासून आवडलं.

“यात पुराचं एखादं आहे, मास्तर?”

“नाही जी. सगळे जुने आहेत.”

“खाली तारखा आहेत, हे एप्रिलचं, हे दिवाळीचं. पण नदी सगळ्यांत एकाच उंचीवर? भर उन्हाळ्यातही काठोकाठ?”

“मी म्हणते ना, जशी दिसते तशी काढत जा,” बेबीबाई पुटपुटल्या.

मॅडमनी फाइल मिटली. “मला वाईट वाटतं. पण मी लिहू काय?”

मास्तर उठले. चुलीजवळचं उलथणं घेऊन पहिल्या चित्रापाशी गेले. त्यांनी चित्र खिळ्यावरच राहू दिलं आणि नदीचा निळा रंग खरवडायला लागले.

“अवं, काय करून राहिले तुमी!”

निळ्याखाली वाळलेला चिखल निघाला. त्याची वरची कड सरळ, आडवी होती.

“चित्रांत नदी आधी खालीच होती जी,” मास्तर म्हणाले. “पुरानं नऊच्या नऊ चित्रं इथपर्यंत बुडवले. मले डाग पाहवेना, म्हनून त्यावरून निळं पानी रंगवलं. लावा टेप.”