तिचा होकार

सरकारी कचेऱ्यांतली यंत्रं आता फक्त आवाज ओळखत. सही केव्हाच बाद झाली होती. खुणांनीच बोलणारी कर्णबधिर शाल्मली निहारबरोबर त्यांच्या लग्नाची नोंदणी करायला आली, तेव्हा अधिकारी म्हणाले, "काळजी नको, तुमच्या वतीने यंत्रच 'हो' म्हणेल."

निहारने ते खुणांनी सांगताच तिचे हात झरझर चालू लागले. तिचं म्हणणं तो मोठ्याने सांगू लागला, "उसना होकार मला नको. तुमचा कॅमेरा चालीवरून चोर ओळखतो, मग त्याला माझे हात वाचायला शिकवा."

"त्याला वेळ लागेल!"

"मग माझा नोंदवलेला होकारही खोडा," निहार आता स्वतःच्या वतीने म्हणाला. "तिचा घ्याल त्याच दिवशी माझा घ्या."

दोघं दर सोमवारी येऊन ठाण मांडून बसू लागले. अखेर उन्हाळ्यात, खुणा वाचायला शिकलेल्या कॅमेऱ्यासमोर शाल्मलीचे हात हलले आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'हो.' अधिकारी टाळ्या वाजवू लागले. त्यांच्याकडे वळलेले तिचे हात मात्र थांबले नव्हते. पडद्यावर पुढची ओळ उमटली,

'इतके दिवस कशाची वाट बघत होतात?'