साडेसातचा फोन

“आता तरी सबब नको हां,” म्हणत मी माझा जुना स्मार्टफोन सगळ्या मुलांसमोर दुर्वाच्या आईच्या हातात ठेवला. शिकवणीचा अभ्यास मी रोज संध्याकाळी ग्रुपवर पाठवत असे आणि दुर्वाची वही दोन आठवडे कोरी येत होती.

काजूच्या कारखान्यातून ती तशीच आली होती. ओंजळीत प्रसाद धरावा तसा तिने तो फोन धरला आणि अंगठा फिरवला. पडदा हलला नाही. पुन्हा फिरवला. मुलं खुसखुसली.

“घाई नाही. असं, अलगद,” म्हणत मी अक्षर गिरवून घेताना धरते तसं तिचं बोट धरलं. ते टरफलासारखं कडक होतं आणि टोकाला एकही रेषा नव्हती.

“बाई, काजीच्या तेलान बोटां जळली. ह्या काचेक ती कळणत नाय,” ती ओशाळून हसली. मग कमरेच्या पिशवीतून बटणांचा छोटा फोन काढला. “ह्यो बरो. मुठीत मावता. अभ्यास विचारूक रोज तुमका लावतंय ना. नंबर पाठ आसा.”

न बघताच तिने दहा बटणं दाबली. माझ्या हातातला नवा, मोठा फोन वाजला. पडद्यावरचे आकडे ओळखीचे होते. रोज साडेसातला येणारा हा फोन जाहिरातीचा समजून मी कट करत असे.

मुलं माझ्याकडे बघत होती. दुर्वाची आई हातभर अंतरावर उभी होती, तरी मी फोन उचलून कानाला लावला. “बोला,” एवढंच म्हणता आलं.