साहेब का हसला

“हा काल गाडी घेऊन का आला नाही?” साहेबानं इंग्रजीत विचारलं.

हा म्हणजे किशनराव. मंठाळच्या आमराईत साहेबाच्या सर्वेचा तळ पडला होता. तळ हलवायचा म्हणजे गावातल्या बैलगाड्या वेठीला धरायच्या, असा सरकारी रिवाज. काल चार गाड्या हजर झाल्या. पाचवी किशनरावची, ती आलीच नाही. तंबू तिथंच राहिले. मुद्दाम आला नसेल तर त्याचे बैल आठ दिवस कोंडवाड्यात, असं चपराशानं सकाळीच गावभर सांगितलं होतं. आणि रानात वाफसा आलेला. ज्वारी पेरायला फार तर चार दिवस.

“पेरणी हाय. यायचं नव्हतं म्हणून न्हाई आलो,” किशनराव म्हणाला.

गावात इंग्रजी येणारे एकटे बंडोपंत मास्तर, म्हणून दुभाषीही तेच. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात उलटंसुलटं करून पाहिलं आणि साहेबाला सांगितलं, “ही फरगॉट, सर.”

साहेब हसला.

“मास्तर, सायब कामून हसायलाय?”

“खूश आहेत.”

“माझं बोलणं ऐकून अजून कुणी खूश झालं न्हाई. बायकोबी न्हाई. काय सांगितलात?”

“तुम्ही विसरलात, असं.”

“दारात दोन बैल हंबरायलेत अन् मी गाडी विसरलो? अन् विसरलो म्हणलं की उद्या आठवण करून देतील. नीट सांगा.”

बंडोपंतांनी दुसरा शब्द काढला. डिक्लाइन्ड. जेवण झाल्यावर आणखी पुडिंग नको असेल तर इंग्रज माणूस हा शब्द वापरतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पुडिंग काय असतं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबानं मान हलवली. हसू जरा कमी झालं, पण होतं.

किशनराव साहेबाच्या तोंडाकडं बघत होता, तव्यावरची भाकरी बघावी तसा.

“कच्चं हाय,” तो म्हणाला. “अजून जाळ लावा.”

“किशनराव, याच्या वरचा एकच शब्द आहे. तो सांगितला की बैल गेले.”

“बैल माझे हायत. तुम्ही शब्द काढा.”

चारी गाडीवान बघत होते. चपराशी बघत होता. पाण्याची घागर घेऊन आलेली राजूबाई घागर उतरवायची विसरली होती. तो शब्द बंडोपंतांनी वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतला होता. स्वतः कधी वापरला नव्हता.

“ही रिफ्यूज्ड, सर.”

साहेबाचे आधी कान लाल झाले, मग उरलेला साहेब.

“आत्ता पोचलं,” किशनराव म्हणाला.

साहेब ताडकन उठला. खुर्ची मागं पडली. “आय ऑर्डर हिम!” असं तो तीनदा ओरडला, उद्या उजाडायला गाडी इथं पाहिजे म्हणाला, आणि बंडोपंतांकडं बोट केलं. सांग त्याला.

बंडोपंतांनी घसा साफ केला.

“साहेब विनंती करताहेत,” ते म्हणाले. “उद्या गाडी आणाल का?”

किशनरावनं साहेबाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

“त्यांच्यात विनंती इतक्या मोठ्यानं करतात व्हय?”

“पद्धत आहे.”

“बरं. एवढी विनवणी करायलेत तर सांगा, पेरणी झाल्यावर विचार करतो.”

बंडोपंतांनी ते इंग्रजीत सांगितलं. जसंच्या तसं, आणि थोडं मोठ्यानं.