चीफसाहेबांची पेटी

"या घरातला कॉम्प्युटर आता जगबुडी आली तरी बंद पडणार नाही!" असं जाहीर करून चीफसाहेब उठले. पेटीची एक तार त्यांना सैल वाटली. ती आवळायला ते जिन्याखाली गेले, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

जन्मभर कारखान्याची वीज सांभाळलेले चीफसाहेब निवृत्तीनंतर घरापुरतेच चीफ उरले होते. आतल्या खोलीत सुनेची मुलाखत नुकती सुरू झाली होती. बाळंतपणात सुटलेली नोकरी, कित्येक वर्षांनी चालून आलेली संधी, पडद्यावर तीन साहेब. आणि त्या पडद्याचा जीव होता चीफसाहेबांनी स्वतः जुळवलेल्या बॅटरीच्या पेटीत.

पेटी इमानी निघाली. पडद्याने डोळासुद्धा मिचकावला नाही. चीफसाहेबांची छाती फुगली. मग पेटी टी-टी करू लागली आणि छाती जागेवर आली.

पेटीवरचा भार कमी करायला त्यांनी माशांच्या टाकीचा पंप उपटला. मोबाइल उपटले. स्वतःचे पाय चोळायचं लाडकं यंत्रही उपटलं. टी-टी थांबेना. पडद्यावरच्या साहेबांना ऐकू गेली तर? त्यांनी पेटीवर उशी दाबली, तर पेटी तापू लागली. मग एका हाताने उशी, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचा वारा, असे ते तापलेल्या लेकराजवळ बसावं तसे बसून राहिले. शेजारच्या घरात मिक्सर खुशाल घरघरत होता.

"इन्व्हर्टरवर मिक्सर! अडाणी कुठले," चीफसाहेब घाम पुसत पुटपुटले.

दार उघडलं. सून धावतच आली.

"बाबा, घेतलं मला! त्यांनी विचारलं, घरून काम करताना वीज गेली तर? मी म्हटलं, गेलीच आहे मघापासून. तिघंही बघतच राहिले!"

उशी छातीशी धरून चीफसाहेब मान डोलावत राहिले.

तेवढ्यात बायको शेजारून मिक्सरचं भांडं घेऊन आली. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, पेटीकडे कौतुकाने पाहिलं.

"झकास केलीत हो पेटी. शेजारी वीज आहे, समोर आहे, सगळ्या गल्लीत आहे. तारेला हात लावायच्या आधी मेन स्विच खाली ओढायची तुमची ती जन्माची सवय! आता तेवढा वर करता का? फ्रिज गळायला लागलाय."